निद्रेतील रक्तदाब

निद्रेतील रक्तदाब : झोप लागली की हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसाच्या सरासरीपेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. अनुकंपी चेतासंस्थेचा जोर ओसरतो, हे त्याचे मुख्य कारण. गाढ झोपेत दाब सर्वांत कमी असतो. स्वप्ने पडतात त्या झोपेत मात्र तो मध्येच उसळतो. पहाटे जाग येण्याच्या सुमारास तो पुन्हा चढू लागतो.

दवाखान्यातल्या एकाच मोजणीत यातले काहीच दिसत नाही. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून दिवसरात्र ठरावीक अंतराने नोंद घेणारे चोवीस तासांचे यंत्र लावतात. रात्रीची सरासरी १२०/७० किंवा त्याहून जास्त आली, तर ती वाढलेली समजतात. ज्यांचा दाब रात्री पुरेसा उतरत नाही अशा रुग्णांकडे आयरिश डॉक्टर ओइन ओब्रायन व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लक्ष वेधले. मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार (स्लीप ॲप्निया) यांत हे वारंवार आढळते. पक्षाघात व हृदयविकाराचा धोका रात्रीच्या दाबावरून दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा अधिक नेमका कळतो. म्हणून ही तपासणी आज होते त्याहून कितीतरी जास्त व्हायला हवी.

चिंतेने चढणारा दाब वेगळा. ॲड्रेनलिनमुळे तो क्षणात वाढतो आणि बहुधा लवकर उतरतो. इटलीत ज्युसेप्पे मान्चिया व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीतला दाब अखंड नोंदवला (१९८३). डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा आकडा सरासरी सुमारे २७ ने वाढला आणि भेट संपेपर्यंत बराचसा खाली आला. रात्री घाबरून उठणाऱ्याचेही असेच होते. छाती धडधडते, घाम फुटतो, हात उशाशी ठेवलेल्या यंत्राकडे जातो; आकडा पाहून भीती वाढते आणि दुसरा आकडा पहिल्याहून मोठा येतो. असे आकडे खोटे नसतात, पण त्यांवरून कायमचा उच्च रक्तदाब ठरवता येत नाही. पाच मिनिटे पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून शांत बसावे व मगच मोजावे.

तरीही अशी जाग नेहमी मनाच्याच खाती टाकणे चूक आहे. घोरणे, गुदमरून उठणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा पेंग येणे ही श्वास अडकण्याची लक्षणे असू शकतात. त्यासाठी झोपेची तपासणी करावी. दाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

रक्तदाबाची गोळी रात्री घेतल्यास जास्त लाभ होतो, असा समज पसरला आहे. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ या चाचणीत (२०२२) सकाळ व संध्याकाळ यांत हृदयविकार, पक्षाघात वा मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. रोज न चुकता घेता येईल अशी वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.