हस्तचित्रित-संगणकीय ॲनिमेशन

हस्तचित्रित-संगणकीय ॲनिमेशन ही हाताने काढलेली चित्रे आणि संगणकीय प्रक्रिया यांचा मेळ घालून चलचित्रे तयार करण्याची पद्धत आहे. या पद्धतीत पात्रांची हालचाल कलावंत प्रत्येक चित्रातून स्वतः घडवतो. रंगभरण, थरांची जुळणी आणि कॅमेऱ्याची हालचाल मात्र बहुधा संगणकावर केली जाते.

कार्यपद्धती

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी दिसतात. एक चित्र सलग दोन चौकटींसाठी वापरल्यास सेकंदाला १२ चित्रे लागतात. या हिशेबाने एकाच पात्राच्या सलग हालचालीच्या १० मिनिटांसाठी ७,२०० चित्रे काढावी लागतात.

प्रथम कथेचा स्टोरीबोर्ड तयार होतो. मग हालचालीतील महत्त्वाच्या अवस्थांची मुख्य चित्रे आणि त्यांना जोडणारी मधली चित्रे काढली जातात. कागद हलू नये म्हणून त्याला भोके पाडून तो पेगबारवर बसवतात आणि खालून प्रकाश येणाऱ्या मेजावर आधीचे चित्र पाहत पुढचे काढतात. स्कॅन केलेल्या रेषा संगणकावर स्वच्छ करून रंगवल्या जातात. काही कलावंत कागद वगळून थेट टॅब्लेटवर रेखाटतात. तेथे आधीची चित्रे पुसट दाखवण्याची सोय हेच काम करते. ओपनटून्झ, क्रिटा व ब्लेंडर या विनामूल्य प्रणालींमुळे विद्यार्थ्यांचा खर्च कमी झाला आहे.

इतिहास

१९८०च्या दशकापर्यंत चित्रे पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवून मागील बाजूने रंगवली जात. डिस्ने कंपनीचा 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' (१९९०) हा संपूर्णपणे संगणकावर रंगवून जोडलेला पहिला हस्तचित्रित पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो.

महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांनी १९१५मध्ये 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्या एकेक चौकटीने हलवून चित्रीकरण केले. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आली आणि पुढच्याच वर्षी तिने 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला. प्रभातच्या याच आवारात १९६०मध्ये आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था सुरू झाली.

शिक्षणपरंपरा

पद्धतशीर प्रशिक्षणाची सुरुवात मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात झाली. १९५६मध्ये डिस्नेचे अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स तेथे शिकवण्यासाठी आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवर आधारलेला 'द बनियन डियर' (१९५७) हा लघुपट तयार झाला. या विभागातील राम मोहन (१९३१–२०१९) यांनी पुढे 'भुवन शोम' (१९६९) आणि 'शतरंज के खिलाडी' (१९७७) या चित्रपटांतील ॲनिमेशन केले व अनेक तरुण कलावंत घडवले. २०१४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी ॲनिमेशनचे धडे राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करतच घेतले. त्यांचा १५ मिनिटांचा 'प्रिंटेड रेनबो' (२००६) कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात गौरवला गेला. मुंबईवरचा 'बॉम्बे रोझ' (२०१९) हा त्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट संगणकावर, पण चौकटीमागून चौकट हाताने रंगवलेला आहे. व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातही ॲनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. तेथील प्राध्यापिका शिल्पा रानडे यांनी 'गूपी गवैया बाघा बजैया' (२०१३) दिग्दर्शित केला.

महत्त्व आणि मर्यादा

संगणकामुळे रंगभरणाचा वेळ व साहित्याचा खर्च वाचतो, चुका सुधारता येतात. परंतु दोन मुख्य चित्रांमधील अंतर यंत्राने आपोआप भरल्यास हालचाल एकसारख्या वेगाची आणि वजनहीन भासते. चेंडू उसळताना वर मंदावतो, खाली येताना वेग घेतो; हा फरक चित्रांमधील अंतर कमीजास्त करूनच दाखवावा लागतो. त्यामुळे प्रणाली शिकवण्यापूर्वी मानवाकृतीचे जलद रेखाटन, निरीक्षण आणि कालमापन यांचा सराव आवश्यक मानला जातो. प्रणाली काही वर्षांत कालबाह्य होतात. हा सराव मात्र कलावंताला कोणत्याही साधनावर उपयोगी पडतो. कागदावरील मूळ चित्रे व संगणकीय धारिका दोन्ही जपणे हेही या शिक्षणाचा भाग असणे गरजेचे आहे, कारण फाळके यांच्या लघुपटाप्रमाणे न जपलेली कृती पुढील पिढीला अभ्यासता येत नाही.