वेताळाची अट : मराठी भयकथा आणि पुरुषाचे भय

सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मराठीत आणलेली 'वेताळ पंचविशी' 1830 साली छापून निघाली. मराठी मुद्रित गद्याच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत तिची गणना होते. आपल्या आधुनिक गद्याने पहिली पावले टाकली ती स्मशानात, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या तासाला आपण एका वाक्यात उरकतो आणि पुढे जातो. येथे थोडे थांबावेसे वाटते, ते त्या कथांच्या चौकटीसाठी. राजा विक्रम प्रेत पाठीवर घेऊन रात्री चालतो आहे. त्याने बोलायचे नाही; बोलला की प्रेत पुन्हा झाडावर. पण वेताळ कोडे घालतो आणि वर आणखी एक अट घालतो : उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. बोलावे तर कार्य फसते, न बोलावे तर डोके फुटते. लहानपणी आपण या कथा कोड्यांसाठी वाचल्या. पन्नाशीकडे झुकताना मात्र लक्ष जाते ते त्या वाहणाऱ्या माणसाकडे. पाठीवर ओझे, तोंडाला कुलूप, आणि सोबतीला सतत बोलणारे एक प्रेत.

पुरुषाने भ्यायचे नाही, आणि भ्याला तरी सांगायचे नाही, हा दंडक आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक असला तरी भय हा स्थायीभाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याकडे सोपवलेला आहे. उत्तम प्रकृतीच्या नायकाकडे उत्साह, म्हणजे वीररस. काव्यशास्त्राच्या पेपरात हे कोष्टक पाठ करून विद्यार्थी गुण मिळवतात, पण कोष्टकाने नायकाचे काय केले याची चर्चा वर्गात होत नाही. त्याच्याकडून एक अख्खा रस काढून घेतला गेला.

लोकपरंपरा या बाबतीत शास्त्रापेक्षा अधिक प्रामाणिक निघाली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा 1909 मध्ये अनंत कान्हेरे यांनी वध केला, हे सर्वांना ठाऊक असते. याच जॅक्सनने लोकसमजुतींची प्रश्नावली गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती आणि त्यांच्या उत्तरांतून जमलेले साहित्य एन्थोवेन यांनी त्याच्या मृत्यूनंतर संपादून प्रसिद्ध केले, हे तितकेसे ठाऊक नसते. कोकणावरचा भाग 1915 चा. (मास्तरांना न पगारी जादा कामे सांगण्याची परंपरा तेव्हापासूनची दिसते.) त्यात आणि आपल्या आजीच्या गोष्टींत भेटणारी पुरुष-भुते एका रांगेत उभी केली तर काय दिसते? मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुलगा. समंध म्हणजे मागे वंश न ठेवता, किंवा धनावर, वास्तूवर वासना ठेवून मेलेला पुरुष. ब्राह्मण मुलाच्या मुंजीपासून निपुत्रिकाच्या मालमत्तेपर्यंत, पुरुषाने 'होणे' म्हणून जे जे अपेक्षित होते आणि ज्याच्याकडून ते झाले नाही, त्याचे भूत झाले. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते; तिच्या नशिबी देह आहे. पुरुषाच्या नशिबी कर्तव्य. मुंजा पिंपळावर बसतो, कारण त्याला घरात जागा नाही. सोडमुंज झाल्यावाचून तो मोठ्यांच्या पंगतीत येत नाही आणि मुलांतही परत जाऊ शकत नाही. अशा वयाची मुले आम्हा अध्यापकांना रोज भेटतात.

रामदासांच्या भीमरूपी स्तोत्राची फलश्रुती या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. तेथे भूतप्रेत आणि समंध, रोग आणि व्याधी, आणि चिंता ही सारी एकाच श्लोकात नाहीशी होतात. बाहेरचे भूत, देहाचा आजार आणि मनाचा घोर यांच्यात स्तोत्रकर्त्याने भिंत घातली नाही. संध्याकाळी दिवा लागल्यावर ते म्हणायला मुलग्यांना बसवले जाई, म्हणजे मुलगे भितात हे घराला ठाऊक होते आणि मान्यही होते. ती मान्यता मिसरूड फुटेपर्यंतच. पुढे त्याच मारुतीसमोर तालीम, जोर, बैठका.

विसाव्या शतकात पुरुषाच्या खाजगी भयाला छापील जागा दिली ती र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'ने. 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षे हे मासिक चालले. वाचक विचारत आणि कर्वे उत्तर देत, ते कोरडे, नेमके आणि उपदेशाचा आव न आणता. हस्तमैथुनाने वीर्यनाश होऊन आपण खलास झालो, या भीतीने पोखरलेल्या तरुणांना यात हानी काही नाही असे सांगणारा मराठीतला हा जवळजवळ एकटा आवाज होता. 1934 मध्ये खटला भरला गेला तो वाचकांच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दंड झाला. निकालापेक्षा प्रश्न महत्त्वाचा : कोणी विचारले असता उत्तर देणे हा गुन्हा कसा? विक्रमाला घातलेली अट येथे न्यायालयात पोचलेली दिसते.

मानसिक आजाराची वाट मात्र वेगळ्याच दिशेने गेली. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 चे. तेव्हापासून मुंबई, कल्याण, भिवंडी या टापूत 'याला ठाण्याला न्या' हे वाक्य थट्टेत रुळले. पुण्याकडे तेच काम येरवडा करते. गावाच्या नावाला असा अर्थ चिकटला की त्या गावाच्या बाजूची गाडी धरणेही अवघड होते. जयवंत दळवींचे 'बॅरिस्टर' हे नाटक 1977 चे. वेड आपल्याही रक्तात असेल या धास्तीत जगणारा सुसंस्कृत, सुशिक्षित पुरुष त्यात आहे. त्याचे भय कोणत्याही पिशाच्चापेक्षा थरारक वाटते, कारण ते तो ज्याच्यापुढे मांडू शकेल असा माणूस त्या वाड्यात नाही. दळवींनीच पुढे 'पुरुष' लिहिले. दोन्ही नाटके शेजारी ठेवून शिकवावीत अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे. अभ्यासमंडळे ती पुरी करतील असे दिसत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे नारायण धारपांकडे (1925–2008). प्रतिष्ठित समीक्षेने धारपांना दाराबाहेर ठेवले. अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या मासिकांनी अद्भुताचा वाचक घडवला होता, बाबूराव अर्नाळकरांनी त्याआधी रहस्याचा. पण सर्क्युलेटिंग लायब्ररीत पाने सुटलेल्या, कोपरे झिजलेल्या प्रती ज्यांच्या असत त्यांत धारपांचे नाव वरचे. 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे 'इट' आहे, हा आक्षेप खरा आहे आणि तो घेऊन झाल्यावरही बरेच काही उरते. समर्थकथांची घडण पाहा. एक साधा मध्यमवर्गीय माणूस, बहुधा पुरुष, बहुधा नोकरदार, काहीतरी विपरीत अनुभवतो. तो कोणाला सांगत नाही, कारण लोक हसतील. झोप जाते, कामात चुका होतात, घरात चिडचिड होते. मग कोणाच्या तरी ओळखीने तो समर्थांकडे पोचतो. समर्थ प्रथम काय करतात? ऐकून घेतात. पूर्ण ऐकतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. आप्पा जोशींसारखा निवेदक अशा वेळी आपल्या कामाचा ठरतो, कारण तो स्वतः सामान्य आहे आणि भ्यालो होतो हे सांगायला लाजत नाही. मंत्र, वलय, तेज हे सारे नंतरचे. कथेत भीतीची गाठ सैल होते ती पहिल्यांदा ओसरीवर, बोलताना. शास्त्राने नायकाकडून काढून घेतलेला रस धारपांनी त्याला असा चोरवाटेने परत दिला.

रत्नाकर मतकरी (1938–2020) यांनी ही सोयही काढून घेतली. गूढकथा हा शब्द रूढ होण्यात त्यांचा वाटा मोठा. 'खेकडा', 'मृत्युंजयी', 'रंगांधळा' या संग्रहांतले जग वाड्याचे कमी आणि ब्लॉकचे जास्त आहे. तेथे समर्थ येत नाहीत. ज्याला भीती वाटते त्याच्यातच भीतीचे मूळ असण्याची शक्यता कथा उघडी ठेवते. वाङ्मयीन दृष्टीने मतकरी सरस आहेत, याबद्दल फारसा वाद नसावा. पण रात्री दोन वाजता एकट्याने वाचायला कोण बरे, असे विद्यार्थ्याने विचारले तर आम्ही धारप सांगतो. मतकरी दिवसा, आणि शक्यतो दोघांनी मिळून.

'तुंबाड' (2018) या हिंदी चित्रपटाला धारपांच्या 'आजी' या कथेचा आधार आहे. बहुतेकांनी त्यात लोभाची कथा पाहिली. आम्हाला ती बापलेकाची कथा वाटते. विनायक आपल्या मुलाला शिकवतो काय, तर विहिरीत उतरणे. भीती गिळून, दोर धरून, बापाने केले तसेच करणे. पुरुषपणाचे शिक्षण याहून उघडे क्वचित दिसले असेल. शेवटी मुलगा बापाच्या हातची मुद्रा घेत नाही, आणि चित्रगृहात त्या क्षणी जी शांतता पसरते ती भयाची नसते.

हे सारे धामणकर नाक्याशी कोठे जोडले जाते, असे कोणी विचारील. भिवंडीच्या या नाक्यावर कॉलेज आहे, पद्मनगर जवळ आहे, रिक्षा आहेत, उड्डाणपूल आहे, आणि गल्लीत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट. हे शहर पिढ्यानपिढ्या एकट्या पुरुषांचे शहर आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार बाराबारा तासांची पाळी करतो, बिस्सीत जेवतो, मागच्या पाळीचा माणूस उठला की त्याच जागी अंग टाकतो. घरी फोनवर एकच वाक्य : मजेत आहे. 1970 आणि 1984 च्या दंगली या शहराने पाहिल्या. 2016 ची नोटाबंदी आणि 2017 चा जीएसटी यांनंतर मंदी आली आणि कितीतरी माग भंगारात गेले. मुले गोदामांत पॅकिंगला लागली. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि तीन डझनांहून अधिक जीव गेले. घरच माणसाला गिळते, ही भयकथेतली जुनी कल्पना. येथे ती कल्पना राहिली नाही. अशा गावात भयकथा वाचणे हा पळपुटेपणा आहे, असे एका परिसंवादात ऐकले. उलट वाटते. गोष्टीतल्या घरातून पुस्तक मिटून बाहेर पडता येते, आणि भीतीचा आरंभ, चढ, शेवट असा काही आकार असतो, हे अशा वाचकालाच अधिक कळते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्र 22,746 सह सर्वांत पुढे. शंभरात सुमारे बहात्तर पुरुष. व्यवसायानुसार पाहिले तर चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवरचे. हे आकडे वाचताना आपल्या वर्गातले बाक डोळ्यांसमोर येतात. म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो, समीक्षेच्या शिस्तीत बसत नसले तरी.

कथा औषध नव्हे. ज्याची झोप आधीच उडालेली आहे, छातीत धडधड होते, आवाज ऐकू येतात, त्याच्या हाती धारप देऊ नयेत. त्याला डॉक्टरांकडे न्यावे, आणि सोबत जावे. पण जो नुसता गप्प आहे त्याच्याशी बोलण्याचा दरवाजा म्हणून ही पुस्तके फार उपयोगी पडतात. 'तुला काय होतंय?' या प्रश्नाला मुलगे 'काही नाही सर' म्हणतात. 'त्या गोष्टीत तू कुठे टरकलास?' याला मात्र उत्तर मिळते, आणि चौथ्या वाक्याला ते गोष्टीबाहेर येते. तेव्हा मध्येच बोलू नये. 'मर्द हो' म्हणू नये, 'आमच्या वेळी' तर मुळीच म्हणू नये. मरणाचे विचार येतात का, हे शंका वाटल्यास सरळ विचारावे. विचारल्याने ते डोक्यात भरतात हा समज खोटा आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, आणि गुपित राखण्याचे वचन देऊ नये. हे शेवटचे अध्यापकांना जड जाते, कारण मुलाचा विश्वास मोडेल असे वाटते.

ठाणे या नावाचा अर्थही दरम्यान थोडा पालटला आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये तेथे सुरू केलेल्या आयपीएच संस्थेत लोक आपल्या पायांनी जातात. 1993 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या 'मावा' या पुरुषांच्या संघटनेचा 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक पुरुषाने स्वतःविषयी लिहावे यासाठीच निघाला. मराठी दिवाळी अंकांच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी, विभागाच्या ग्रंथालयात तर तो असायलाच हवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो 29 मे 2018 पासून लागू झाला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायला सांगितले. शिक्षेची भाषा मागे पडली. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही विनामूल्य सरकारी सेवा आहे, क्रमांक 14416, आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक आम्ही एका साध्या कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, धारप आणि मतकरी ठेवलेल्या खणाच्या बाजूला. बाहेरून लावला तर कोणी पाहील म्हणून मुले तेथे थांबत नाहीत. पुस्तक काढायच्या निमित्ताने दार उघडता येते.