निषादाचा बाण आणि रानकोंबड्याची साद

१/
इ. स. १६१२. खंबायत बंदराचा कारभार पाहणारा मुकर्रबखान जहांगीर बादशहाच्या आज्ञेवरून गोव्याला गेला आणि तेथील पोर्तुगीजांकडून दुर्मिळ वस्तू विकत घेऊन परतला. त्या नजराण्यात एक विचित्र पक्षी होता. दरबारात कोणालाही त्याचे नाव ठाऊक नव्हते. तो पक्षी म्हणजे अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेला टर्की.

२/
जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात त्याचे बारकाईने वर्णन केले आहे. आकाराने तो लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो. डोके आणि मान कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, तर कधी निळी होते. चित्रकार मन्सूरच्या नावे ओळखले जाणारे त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

३/
बादशहाने टिपले ते वसंतातील प्रियाराधन होते. टर्कीच्या मूळ देशात शिकारी याच काळाची वाट पाहतो. नर मादीला साद घालतो आणि त्या सादेनेच आपला ठावठिकाणा उघड करतो. शिकारी आडोशाला बसून मादीचा आवाज काढतो. नर जवळ येतो. धनुष्याने मारायचे तर तो वीस-पंचवीस पावलांच्या आत यावा लागतो. तिथल्या मूलनिवासींनी यासाठी टर्कीच्याच पंखाच्या हाडाची शिटी घडवली होती.

४/
आता सह्याद्रीकडे वळू. वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे जाताना पासली लागते. तोरण्याच्या परिसरातील हा डोंगराळ, भरपूर पावसाचा मुलूख. इथे टर्की नाही, पण तेच ऋतुचक्र जगणारा रानकोंबडा आहे. थंडी सरत आली की पहाटे आणि सांजवेळी त्याचे तुटक आरवणे जाळीतून ऐकू येते. फेब्रुवारी ते मे हा त्याचा मुख्य विणीचा हंगाम. आपली सीमा राखण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी नर आरवतो. त्याच आवाजाने शिकाऱ्याला वाट सापडते.

५/
या डोंगरांत कातकऱ्यांसारख्या जमातींची साधने म्हणजे तिरकमठा, गलोल आणि फास. तिरकमठा म्हणजे धनुष्यबाण. उत्तरेकडच्या सातपुड्यात भिल्लांच्या धनुष्याला बांबूचीच कामठी आणि बांबूच्याच सालीची दोरी असे. लहान पक्ष्यावर बोथट बाण सोडला, तर मांस फाटत नाही आणि बाणही वाया जात नाही. फास नर-मादी पाहत नाही. धनुर्धराला मात्र समोरचा पक्षी पाहूनच बाण सोडावा लागतो.

६/
विणीच्या काळात पक्षी मारावा का, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. रामायणाची सुरुवातच त्याने होते. तमसेच्या काठी निषाद क्रौंचाच्या जोडीतील नराला बाणाने मारतो. ती जोडी प्रणयात मग्न असते. मादीचा आक्रोश ऐकून वाल्मीकींच्या तोंडून शापवाणी निघते आणि परंपरा तिलाच आदिश्लोक मानते.

७/
त्याच काव्यात दुसरा धनुर्धरही आहे. राजा दशरथ रात्रीच्या अंधारात केवळ आवाजावर बाण सोडतो आणि पाणी भरणारा मुलगा मरतो. आपण त्याला श्रावणबाळ म्हणून ओळखतो. त्याच्या अंध पित्याचा शाप दशरथाला भोवतो. वनवासी निषाद असो वा अयोध्येचा राजा, काव्याने दोघांनाही शाप दिला. पुढे इतिहासातील कायद्यांनी मात्र दोघांत फरक केला.

८/
संयमाचे नियम राज्यकर्त्यांनीही केले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. हंस, चक्रवाक, क्रौंच, मोर, पोपट अशा पक्ष्यांना त्यात संरक्षण दिले आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा आशय असा, की पूर्वीचे राजे मृगयेसारख्या करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. त्याने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली. या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्यात सापडला.

९/
पण राजांची मृगया थांबली नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगया आहे आणि ससाण्याकरवी पक्षी धरण्याचा श्येनविनोदही आहे. राजासाठी शिकार हे मनोरंजन आणि शस्त्राभ्यास होते. डोंगरातल्या कुटुंबासाठी तोच पक्षी उन्हाळ्याच्या तोंडचे अन्न होता.

१०/
त्या कुटुंबांकडेही संयमाच्या रीती होत्या. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागातील भटक्या जमातींच्या नोंदी केल्या. फासेपारधी हरणे आणि पक्षी फासात धरत. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने रानडुक्कर आणि साळिंदर मारत. वैदू मांसाहारी प्राणी पकडत. शिकार अशी वाटून घेतलेली होती. फासात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडस सोडून देण्याची रीत फासेपारध्यांत होती.

११/
भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत आणखी एक बंधन होते : देवराई. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील अशा देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रानकोंबड्याला हवी असलेली दाट जाळी अशा ठिकाणी टिकून राहिली.

१२/
मग इंग्रजी कायदा आला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात नियमाबाहेर शिकार करणे, फास लावणे हा गुन्हा ठरवला. ज्या कामावरून कातकऱ्यांना नाव मिळाले, ते खैरापासून कात काढण्याचे कामही या निर्बंधांखाली दडपले गेले. त्याच जंगलात गोरा अधिकारी मात्र परवाना घेऊन बंदुकीने शिकार करू शकत होता. तिरकमठावाला चोर ठरला, बंदूकवाला शिकारी.

१३/
पक्ष्यांसाठीचा कायदा १८८७ चा. त्याने विणीच्या काळात ताजे मारलेले पक्षी नगरपालिका आणि छावणीच्या हद्दीत विकण्या-बाळगण्यावर बंदी आणण्याची सोय केली. म्हणजे रोख बाजारावर होता. १९१२ च्या कायद्याने ठरावीक पक्ष्यांसाठी ‘बंद हंगाम’ आणला. त्याच्या यादीत मोर, तितर यांच्यासोबत रानकोंबडाही होता.

१४/
मात्र हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. तोरण्याच्या, म्हणजे प्रचंडगडाच्या नावाचा तालुका पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झाले आणि घाटमाथ्याचा हा प्रदेशही सरकारी कायद्याखाली आला. पुढे १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा झाला.

१५/
जुन्या रीती होत्या म्हणून सारे काही सुरक्षित होते, असे मात्र समजू नये. बंदूक आणि बाजार आला की रीत दुबळी पडते. रानकोंबड्याच्या मानेवरची मेणचट चकाकीची, पिवळसर ठिपक्यांची पिसे विलायतेत मासेमारीच्या गळाला लावायच्या कृत्रिम माश्या बनवण्यासाठी वापरली जात. पोटापुरती शिकार आणि परदेशी मागणीसाठीची शिकार यांचा हिशेब एक नसतो.

१६/
१९७२ हे वर्ष लक्षात ठेवा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही जवळजवळ संपली. अमेरिकेत शस्त्र-दारूगोळ्यावरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाला देणारा कायदा १९३७ पासून होता. १९७२ मध्येच धनुष्यबाणही त्या कराखाली आणण्याची दुरुस्ती झाली. तिथे वसंतातली टर्कीची शिकार नियमांत बांधून चालू राहिली, आणि ती प्रामुख्याने नरांपुरती. अंडी उबवण्यात नराचा वाटा नसतो, हे त्यामागचे कारण. आपण मात्र शिकारच थांबवली.

१७/
आपला मार्ग आपल्यासाठी योग्यच आहे. इतकी दाट वस्ती आणि इतके तुटक उरलेले जंगल असताना रानकोंबड्याला अभय हवेच. पण अभय देताना इतिहास नीट वाचला पाहिजे. संयम हा केवळ वरून आलेला धडा नव्हता. तो फास सोडवणाऱ्या हातांनाही ठाऊक होता. आणि जंगल राखीव झाले, त्याची सर्वांत मोठी किंमत त्याच हातांनी मोजली.

१८/
तोरणा किंवा मढे घाटाच्या वाटेवर पहाटे रानकोंबड्याचे आरवणे ऐकू आले, तर थांबून ऐका. एकेकाळी ते ऐकून कोणीतरी तिरकमठा उचलत असे. तो माणूस खलपुरुष नव्हता. या रानाचा सर्वांत जुना जाणकार होता. आज पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्या जाणकाराच्या वंशजांना या रानात सन्मानाचे स्थान मिळाले का, हे विचारणे मात्र अजून बाकी आहे.

#धागा #इतिहास #सह्याद्री