पवनारचे भाषण आणि तरुणांचा नकार

भिलाईनजीकचे चरोदा आज छत्तीसगडात आहे. येथील रेल्वे यार्डात किंवा शेजारच्या पोलाद कारखान्यात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसास हा मुलूख परका वाटतो, आणि नकाशा पाहता ते साहजिकही आहे. परंतु १९५६ सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरच्या सचिवालयातून चालत असे. वर्धा, नागपूर, रायपूर, दुर्ग ही सारी पूर्वीच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातली गावे. युद्धास नकार देण्याची हिंदुस्थानातील सर्वांत विलक्षण घटना ज्या प्रांतात घडली, तो प्रांत अशा रीतीने आमच्या या वसाहतीचाही होता. तिच्याकडे येथून पाहावे, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते.

युद्धविरोध म्हणजे तरुणांची चळवळ, अशी एक समजूत रूढ आहे. तिचे मूळ बहुतांशी पाश्चात्त्य इतिहासात सापडते. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी राजा आणि देश यांच्यासाठी आपण लढणार नाही, असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला. सहा वर्षांनी युद्ध पेटले तेव्हा त्याच पिढीतील असंख्य तरुण लढावयास गेले. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन विद्यार्थी रस्त्यावर आले. ४ मे १९७० रोजी केंट विद्यापीठाच्या आवारात त्यांपैकी चौघे गोळीबारास बळी पडले. तेथे सक्तीची लष्करभरती होती. युद्धाचा कागद प्रत्येक घराच्या दारापर्यंत येत होता. आपल्याकडे तशी सक्ती कधी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्कराची संख्या पंचवीस लाखांच्या वर गेली, ती सारी स्वेच्छेच्या भरतीने. मात्र त्या स्वेच्छेत पोटाचा वाटा किती होता, हे निराळे सांगावयास नको. त्यामुळे येथील तरुणापुढचा प्रश्न वेगळा होता. युद्ध वाईट की चांगले, याआधी ते कोणाचे, हे त्याला विचारावे लागे.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न विचारणारे थोडे होते. थोर पुढारीच भरतीच्या बाजूस होते. १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात सैनिक मिळविण्यासाठी गावोगाव फिरले. त्या काळी उलट दिशेने चाललेला एक मराठी तरुण म्हणजे तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे. अमेरिकेत शिकावयास गेला, गदर पक्षात शिरला आणि परत येऊन इंग्रजांच्या पलटणींत बंडाची चिथावणी देऊ लागला. मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत तो बाँबसह सापडला व १६ नोव्हेंबर रोजी लाहोरास फाशी गेला. वय सत्तावीस. त्याच्यासोबत फासावर चढलेला कर्तारसिंग सराभा एकोणीस वर्षांचा होता. यांना युद्धविरोधी म्हणावे काय? शस्त्राला त्यांचा विरोध नव्हता. आपल्या माणसांनी परक्यासाठी मरण्यास होता.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणाही हिंदी प्रतिनिधीस न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. महिना उलटतो न उलटतो तोच, २ ऑक्टोबरला मुंबईत सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवस काम बंद ठेवले. त्यांच्यात कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणीतील तरुण मोठ्या संख्येने होते. पुढील मार्चमध्ये जयप्रकाश नारायण यांना जमशेदपुरात केलेल्या युद्धविरोधी भाषणाबद्दल अटक झाली. पोलादाच्या गावात युद्धाविरुद्ध बोलणे सरकारला किती झोंबत असेल, हे भिलाईच्या वाचकांस विशेष कळेल.

आणि मग १७ ऑक्टोबर १९४०. वर्ध्याजवळील पवनारला विनोबा भावे यांनी भाषण केले आणि वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ झाला. या लढ्यास पैशाने वा माणसांनी साह्य करणे चूक होय, आणि सर्व युद्धांना अहिंसेने प्रतिकार करणे हाच खरा मार्ग होय, असा त्या सत्याग्रहाच्या घोषणेचा आशय होता. चार दिवस विनोबा खेडोपाडी बोलत राहिले. २१ तारखेस त्यांना पकडून तीन महिन्यांची शिक्षा दिली गेली. त्या भाषणांच्या बातम्यांवरही सरकारने निर्बंध घातले, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन'चे प्रकाशन थांबविले.

येथे वयाकडे लक्ष द्यावे. विनोबा पंचेचाळीस वर्षांचे होते. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल पन्नाशी गाठलेले. सत्याग्रही गांधीजी निवडून देत, आणि त्याने आपला बेत जिल्हाधिकाऱ्यास आगाऊ कळवावा, असा दंडक होता. गर्दी नको, घोषणांचा कल्लोळ नको. १९४१ सालात शिक्षा झालेल्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली, तरी हा मेळावा नव्हता. एकेक माणूस उभा राहून बोले आणि तुरुंगात जाई. विद्यार्थ्यांनी तर राजकीय संप करू नयेत, असे गांधीजींनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या रचनात्मक कार्यक्रमात लिहिले. उतावळ्या रक्ताला ही शिस्त मानवणे कठीण होते. डिसेंबर १९४० मध्ये नागपुरातच अखिल भारतीय विद्यार्थी संघटनेत फूट पडली. पवनार तेथून काही कोसांवर. युद्धाला दोन्ही गटांचा विरोध होता, पण त्या विरोधाचे मूळ एक नव्हते. जून १९४१ मध्ये हिटलर रशियात घुसला आणि वर्षअखेरीस साम्यवादी पक्षाने ते लोकयुद्ध ठरविले. सर्व युद्धांस नाही म्हणणारा आणि या युद्धास नाही म्हणणारा, दोघांचा फलक आदल्या वर्षी एकच दिसत होता.

याच सुमारास, याच प्रांतात, तरुणांची आणखी एक रांग होती, आणि तिला वगळून हा इतिहास लिहिणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. महार समाजासाठी लष्कराची दारे इंग्रजांनी बंद केली होती; पहिल्या महायुद्धात ती किंचित उघडली आणि १९२१ साली ती पलटणही मोडण्यात आली. डॉ. आंबेडकरांच्या खटपटीने ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार पलटण उभी राहिली, दुसरी कामठीला. कामठी आमच्या याच लोहमार्गावरचे स्थानक. विनोबा कारागृहात जात असता कामठीच्या मैदानाकडे जाणाऱ्या तरुणास युद्धाचा नकार शिकविण्याचा अधिकार कोणास होता? ज्याला गणवेश नाकारला गेला होता, त्याला गणवेशाचा त्याग कसा सुचावा?

दडपलेली अधीरता ऑगस्ट १९४२ मध्ये फुटली. १६ ऑगस्टला चिमूर व आष्टी येथे जमाव उसळले, पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली आणि चिमूरला सरकारी अधिकारीही ठार झाले. पवनारहून आष्टी काही दूर नाही, पण दोन वर्षांत भाषा पार बदलली होती. आमच्यासारख्या सरकारी नोकरास या प्रकरणाकडे पाहताना मृत अधिकाऱ्यांची घरेही आठवतात, हे येथे लिहून ठेवतो.

स्वातंत्र्यानंतर युद्धे आपली झाली आणि नकार अवघड झाला. १ जून १९६२ रोजी सतीशकुमार व ई. पी. मेनन हे दोन तरुण विनोबांचा आशीर्वाद घेऊन, खिशात पैसा न ठेवता, अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले आणि मॉस्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनला पोहोचले. ऑक्टोबरात चीनशी युद्ध जुंपले. १ मार्च १९६३ रोजी शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली दिल्ली ते पेकिंग मैत्रीयात्रा राजघाटावरून निघाली. तिला देशात संशयाने पाहिले गेले आणि चीनने आत येऊ दिले नाही. तरुणांची मोठी गर्दी त्या वर्षी भरतीच्या कचेऱ्यांसमोर होती. १९६८ साली कलकत्त्यात मॅकनमारा आले तेव्हा विद्यार्थ्यांचे रोषाचे मोर्चे निघाले. पण ते युद्ध दूरचे होते, ते करणारे परके होते, म्हणून निषेधही सोपा होता.

११ मे १९९९ रोजी पोखरणच्या अणुस्फोटांना एक वर्ष पुरे झाले, तेव्हा तेथून एक शांतियात्रा सारनाथकडे पायी निघाली. वाटेतच कारगिलचे युद्ध भडकले. चालणारे थांबले नाहीत; हिरोशिमाच्या स्मरणदिनी, ६ ऑगस्टला, ते सारनाथास पोहोचले.