यकृत कोशिकांगांचे स्पर्शबंध

यकृत कोशिकांगांचे स्पर्शबंध : यकृताच्या कोशिकेतील (पेशीतील) अंगके एकमेकांत विलीन न होता ज्या ठिकाणी अगदी निकट येऊन जोडलेली राहतात, त्या स्थानांस स्पर्शबंध म्हणतात. दोन पटलांमधील अंतर सामान्यतः १० ते ३० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) असून प्रथिनांचे दुवे ते टिकवून धरतात.

बर्नहार्ड व रूये यांनी १९५६ मध्ये उंदराच्या यकृताचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण केले. उपवासानंतर पुन्हा अन्न दिल्यावर आंतर्द्रव्यजालिका तंतुकणिकांना बिलगलेली त्यांस आढळली. या निरीक्षणाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. आल्बेअर क्लोड व क्रिस्त्यान द द्यूव्ह (दोघांस १९७४ चे नोबेल पारितोषिक जॉर्ज पालाडे यांच्यासमवेत विभागून) यांच्या काळापासून यकृत कुटून केंद्रोत्सारणाने अंगके वेगळी करीत. त्यामुळे तंतुकणिकांना चिकटून येणारी जालिकेची पटले ही केवळ अशुद्धी मानली जाई. कॅनडातील जीन व्हान्स यांनी १९९० मध्ये हाच भाग तपासून त्यात फॉस्फोलिपिडे तयार करणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) असल्याचे दाखविले. त्याज्य समजलेला भाग कार्यक्षम ठरला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदबिंदू व जालिका यांच्या स्पर्शबंधांचा अभ्यास केला. त्यांच्या २०१७ च्या निष्कर्षांनुसार, अन्नसेवनानंतर इन्शुलिनाच्या प्रभावाने कायनेसीन हे वाहक प्रथिन मेदबिंदूंवर बसते व त्यांना कोशिकेच्या कडेकडील मृदू जालिकेपर्यंत नेते. तेथील एंझाइमे मेदाचे विघटन करतात व त्यापासून ट्रायग्लिसराइड रक्तात सोडले जाते. उपवासात इन्शुलिन घटते, वाहतूक मंदावते व स्पर्शबंध कमी होतात. म्हणूनच उपाशीपोटी यकृतात मेद कित्येक पटींनी वाढला, तरी रक्तातील ट्रायग्लिसराइडाचे प्रमाण फारसे बदलत नाही. कायनेसीन कमी केल्यास यकृतशोथ-सी विषाणूची वाढ रोखली जाते, असेही आढळले.

स्थूलता व मधुमेह यांच्याशी स्पर्शबंधांचा संबंध मात्र वादग्रस्त आहे. स्थूल उंदरांच्या यकृतात जालिका व तंतुकणिका यांचे बंध वाढून तंतुकणिकांत कॅल्शियम साचते, असे एका गटास २०१४ मध्ये दिसले. मधुमेही उंदरांत ते घटतात, असे दुसऱ्या गटास त्याच वर्षी आढळले. त्यामुळे बंध सैल करणारे औषध हितकारक की घट्ट करणारे, हा प्रश्न या मतभेदाच्या निरसनावर अवलंबून आहे.