संगणक, सेन्सर आणि प्राथमिक शाळेतलं विज्ञान

शाळेत संगणक आला म्हणजे शिक्षण सुधारलं, असं आपण सहज धरून चालतो. आज आपण जरा मागे जाऊन पाहू, की लहान मुलांच्या विज्ञानाला संगणकाचा खरा उपयोग कधी झाला आणि कशामुळे झाला. ही कथा अमेरिकेतली आहे, पण तिच्यातला प्रश्न आपलाही आहे.

सुरुवात विज्ञानाने नाही, गणिताने झाली. १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातले पॅट्रिक सूपीझ आणि त्यांचे सहकारी यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना संगणकावर गणिताचा सराव दिला. यंत्र प्रश्न विचारणार, मूल उत्तर टाइप करणार, यंत्र चूक की बरोबर ते सांगणार. बेरीज-वजाबाकीला हे ठीक आहे. पण विज्ञानात तयार उत्तर येऊन भागत नाही. तिथे पाहावं लागतं, मोजावं लागतं आणि 'असं का?' हे विचारावं लागतं.

मग वेगळी वाट निघाली. मॅसेच्युसेट्समधल्या टर्क या संस्थेत रॉबर्ट टिंकर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. १९८०च्या आसपास छोटे संगणक शाळांच्या आवाक्यात येऊ लागले, तेव्हा टिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना तापमान, प्रकाश, आवाज मोजणारे सेन्सर जोडले. मुलाने सेन्सर कोमट पाण्यात बुडवला की पडद्यावर आलेख वर चढताना दिसे. एरवी काय होतं? थर्मामीटर वाचा, वहीत लिहा, मग आलेखाच्या कागदावर ठिपके काढा. तोवर पाणी गार झालेलं असतं आणि मुलाचं लक्षही उडालेलं असतं.

ही नुसती सोय नव्हती. हेदर ब्रॅसेल यांनी १९८७ साली माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थी सेन्सरसमोर चालत आणि त्यांच्या चालण्याचा आलेख पडद्यावर उमटे. तोच आलेख साधारण २० सेकंद उशिरा दाखवला, तर शिकण्यातला फायदा बराचसा नाहीसा झाला! आपली हालचाल आणि ती रेघ एकच आहे, हे कळायला दोन्ही एकाच वेळी दिसावं लागतं.

१९८४ साली बँक स्ट्रीट कॉलेजने 'द व्हॉयेज ऑफ द मिमी' ही मालिका काढली. जहाजावरून व्हेलचा अभ्यास करणाऱ्यांची ती गोष्ट. तिच्यात काम करणारा लहानगा बेन अ‍ॅफ्लेक पुढे मोठा नट झाला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की टीव्हीवरच्या गोष्टीसोबत वर्गात करायचे प्रयोग आणि सॉफ्टवेअरही होतं.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात टर्क आणि नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी यांनी 'किड्स नेटवर्क' उभं केलं. चौथी ते सहावीची मुलं पावसाचं पाणी गोळा करत, त्याची आम्लता तपासत आणि आकडे मोडेमवरून पाठवत. दूरदूरच्या शाळांचे आकडे एकत्र होऊन नकाशाच्या रूपात परत येत. आम्लवर्षा हा तेव्हा खरोखरचा वादाचा विषय होता. आपला आकडा एका खऱ्या प्रश्नाच्या कामी येतोय, हे दहा वर्षांच्या मुलाला कळत होतं.

मग हा प्रयोग पूर्ण यशस्वी झाला का? इथे कौतुक करावं ते या कामाशी जोडलेल्या लोकांचंच. अशा प्रकल्पांचा आढावा घेणारं पुस्तक फेल्डमन, कोनॉल्ड आणि कूल्टर यांनी २००० साली लिहिलं. आकड्यांची देवाणघेवाण झाली, पण त्या आकड्यांचा अर्थ लावण्यात वर्ग कमी पडले, असं त्यांना आढळलं. दूरच्या शाळेशी जोडलं जाण्यापेक्षा आपल्याच वर्गात शिक्षकांसोबत होणारी चर्चा जास्त मोलाची, हा त्यांचा निष्कर्ष.

हा इतिहास आपल्याकडच्या डिजिटल वर्गखोल्यांना लावून पाहू. भिंतीवरच्या पडद्यावर पावसाची चित्रफीत दाखवली, तर मुलं पाहतील आणि विसरतील. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक करून जून ते सप्टेंबर रोजचा पाऊस मोजला, शेजारच्या गावच्या शाळेचे आकडे मागवले, तक्ता आणि आलेख संगणकावर केला, तर काय होईल? 'आपल्याकडे जास्त आणि त्यांच्याकडे कमी, असं का?' हा प्रश्न कुणीतरी विचारेलच.

तेव्हा शाळेला नवं यंत्र मिळालं, की ते किती मोठं आहे हे विचारण्याआधी आपण एवढंच विचारूया: याने मुलं काय मोजणार, आणि मोजल्यावर त्यावर बोलायला तासिकेत किती वेळ ठेवलाय?