राबाचा जाळ आणि कायद्याचे पंचांग

विस्तवासंबंधीचे कायदे चाळू लागले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. विस्तव पेटवावा की न पेटवावा, एवढाच प्रश्न त्यांत नसतो. तो केव्हा पेटवावा, आणि ते 'केव्हा' कोणी ठरवावे, हा खरा वाद असतो. उत्तर कोकणातील राबाचा इतिहास या दृष्टीने आम्हांस मननीय वाटतो.

राब म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या वाचकांस प्रथम सांगितले पाहिजे. भाताचे रोप ज्या तुकड्यात तयार करावयाचे, त्यावर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात, आणि पावसाळ्यापूर्वी वाऱ्याचा रोख पाहून ते भाजतात. मातीच्या थरामुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. तिच्या उष्णतेने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. पावसाने ओढ दिली तर काही इलाज निघतो. पण रोपच बिघडले तर त्या घरचे वर्ष बुडाले. म्हणून दुसरे खत विकत घेण्याची ऐपत नसलेला कुणबी, ठाकूर किंवा वारली राबाला केवळ रूढी म्हणत नसे. तो त्याच्या अन्नाचा पाया होता.

ही सामग्री बहुतांशी जंगलातून येई, आणि तेथेच सरकारशी गाठ पडली. हिंदुस्थानातील पहिला जंगलाचा कायदा 1865 साली झाला, व 1878 च्या कायद्याने त्यास पुष्कळच कडक रूप आले. राखीव जंगलात वन-अधिकारी जाहीर करील त्या हंगामाखेरीज विस्तव पेटवू, बाळगू वा नेऊ नये, असे या कायद्याने ठरविले. हेच कलम पुढे 1927 च्या कायद्यात उतरले व तो कायदा आजही चालू आहे. या कडकपणास कारण नव्हते असे नाही. सातपुड्यातील बोरीच्या जंगलात 1864 पासून पिअर्सन नावाच्या अधिकाऱ्याने वणव्यापासून रान राखण्याचा यशस्वी प्रयोग केला होता. मौज अशी की, रान राखण्याचा एक मुख्य उपाय म्हणजे त्याच्या कडेचे गवत वेळीच जाळून जाळरेषा काढणे, हाच होता. विस्तवाने विस्तव अडवावयाचा, परंतु तो सरकारने ठरविलेल्या वेळी.

आता शेतकऱ्याचे पंचांग पाहा. राब पहिल्या पावसापूर्वीच भाजावयाचा, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. आणि जंगलखात्यास वणव्याची धास्ती सर्वांत अधिक तीही त्याच दिवसांत. राब स्वतःच्या शेतात जळे हे खरे. परंतु त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटाव्या लागत, आणि शेजारी राखीव रान असले म्हणजे साध्या ठिणगीचाही संशय येई. महात्मा फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याच्या जुलमावर कोरडे ओढले, ते याच काळात. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये मुंबई सरकारास चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली बाहेर पडला. त्या चौकशीत राबाचा प्रश्न अग्रभागी होता. झाडे उजाड होतील, हे खात्याचे म्हणणे; राब गेला तर भात जाईल, हे रयतेचे. दोन्ही पक्षांत सत्यांश होता. परंतु एका पक्षाच्या हाती शिक्षा होती व दुसऱ्याच्या हाती अर्ज, हा भेद विसरता येत नाही.

पुढे काळाने खात्यासही धडा दिला. त्याच खात्याच्या ताब्यातील ब्रह्मदेशात सागाचे रान अनेक वर्षे आगीपासून कसोशीने राखले, तेव्हा सागाची नवी रोपे नीट वाढेनात. बांबू व झुडपे मात्र माजली. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील वनाधिकाऱ्यांनीच सरसकट अग्निबंदी सोडली. ज्या ज्ञानास रयतेचे अज्ञान म्हणून हिणविले होते, त्याचा काही अंश शास्त्राने उशिरा मान्य केला.

यावरून सर्वच जाळपोळ निर्दोष, असा अर्थ कोणी काढू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून साध्या अपराधास 5,000 रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरविली, ती आम्हांस योग्यच वाटते. गल्लीच्या कोपऱ्यावर पेटविलेल्या प्लास्टिकला ऋतू नसतो. त्याचा धूर चैत्रात विषारी आणि मार्गशीर्षात निरुपद्रवी, असे होत नाही. तेथे सरसकट बंदीच हवी. राबाची गोष्ट वेगळी. तेथे जमीन, वारा आणि पाऊस मिळून वेळ ठरवितात, आणि ती वेळ जो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला, त्यास विचारल्यावाचून केलेला नियम कागदावर कितीही निर्दोष असला तरी शेतात अन्याय्य ठरतो. नियम करणाऱ्याने आधी कोणता विस्तव पोटासाठी आहे व कोणता केवळ आळसापायी, हे ओळखावे. मग तारीख ठरवावी.